कुणाला सांगू नका, म्हणालीस

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. एवढा लांबलचक मेसेज आणि त्यात ‘बाई, कुणाला सांगू नका’ तीनदा. आठवीत तू भूमितीचा पेपर दप्तराच्या तळाशी दडवला होतास, त्याची आठवण झाली. फोनवर उत्तर टाइप करायला बसले आणि दहा ओळींत दमले, म्हणून हे कागदावर.

वजन उतरवायच्या ऑपरेशनमध्ये दुखतं का, केस जातात का, किती किलो उतरतात, व्रण दिसतो का, असं सगळं तू विचारलंस. सांगते. पण मला मुख्य जे सांगायचंय ते त्या तीन वेळा लिहिलेल्या वाक्याबद्दल आहे.

2019 च्या मे महिन्यात माझं ऑपरेशन झालं. उंची 157 सेंटीमीटर, वजन 104 किलो. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भाग, बीएमआय 42 येतो (वर्ग मीच शिकवलाय तुला, करून बघ). शुगर होती, गुडघे गेले होते, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. शाळा सुटल्यावर गोखले रोडनं घरी जाताना दोनदा थांबायची, आणि थांबले की दुकानाच्या काचेतल्या साड्या बघतेय असं दाखवायची. शेअर रिक्षात मागे दोघं बसलेले असले की तिसरी म्हणून चढायचीच नाही. रिकामी रिक्षा आली की दोन सीटचे पैसे द्यायचे आणि वर ‘मला घाई आहे हो’ असं रिक्षावाल्याला ऐकवायचे. म्हणजे लपवायची सवय ऑपरेशनच्या आधीपासूनचीच.

माझी ‘स्लीव्ह’ झाली, म्हणजे जठर कापून अरुंद करायचं ऑपरेशन. जठराचा बाहेरच्या अंगाचा पाऊणएक भाग, खरं तर 75 ते 80 टक्के, कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. त्यात सुरुवातीला जेमतेम 100 ते 150 मिली मावतं, म्हणजे एक कप चहा. भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही निवते. काढलेलं परत लावता येत नाही, हे मात्र दहादा मनाशी घोळव. आणि तुला छातीत जळजळ होत असेल तर सर्जनना आधीच सांग. स्लीव्हनंतर ती वाढू शकते, अशा वेळी बायपास (हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडायची दुसरी पद्धत) बरा पडतो का ते सर्जन बघतात.

दुखण्याचं म्हणशील तर पोटावरची चार-पाच छिद्रं फार छळत नाहीत. दुर्बीण घालायला पोटात जो वायू भरतात तो नंतर खांद्यात दुखतो. मला वाटलं हार्ट अटॅकच आला. नर्स म्हणाली, ‘चाला, चालल्यावरच जाईल’, आणि त्याच संध्याकाळी सलाईनच्या स्टँडला धरून मला वॉर्डभर फिरवलं. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर चढवायचं ते प्लॅस्टिकचं खेळणंही देतात, फुफ्फुसांसाठी. त्याचा कंटाळा करू नकोस. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे घालतात, तेही काढू नकोस.

आता शाळेत मी काय सांगितलं ते ऐक. सुट्टीत उरकलं आणि सगळ्यांना सांगितलं, पित्ताशयात खडे होते, काढले. मुद्दाम मे निवडला होता. (गंमत म्हणजे वजन झपाट्यानं उतरलं की पित्तखडे खरंच होऊ शकतात. डॉक्टरांनी त्यासाठी सहा महिने गोळी दिली होती.) जूनमध्ये शाळेत गेले तेव्हा चौदा किलो कमी झाले होते. ऑगस्टपर्यंत बावीस. गालफडं बसली, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, आणि बरोबर तिसऱ्या महिन्यात केसांचे पुंजके कंगव्यात यायला लागले. खड्यांच्या ऑपरेशननं कुणाचं असं होतं का?

स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. एक पालक कौपिनेश्वराच्या देवळातला अंगारा पुडीत घेऊन आल्या, माझे दोन्ही हात धरून रडल्या. मुख्याध्यापिकांनी एकदा दार लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘टाटाला दाखवलंत का?’ अख्ख्या शाळेनं मला कॅन्सर देऊन टाकला होता. जाड बाईनं पोट कापून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी खोटं बोलले, आणि माझ्या पाठीमागे माझ्या तेराव्याची तयारी चाललेली.

तेव्हाही खरं सांगितलं नाही. लाज वाटली. त्याच महिन्यात भाचीचं डोहाळजेवण होतं. मी खात नाही असं दिसलं तर संशय पक्का होईल, म्हणून पानावर बसले आणि पुरणपोळी घेतली. त्या दिवसांत पोळी, भात, कोरडं काहीही उतरत नाही. कढीत कालवून बारीक चावलेला अर्धा फुलका कसाबसा जायचा. चौथ्या घासाला छातीच्या मध्यभागी दगड बसला. तोंडात फेस यायला लागला, गिळताही येईना, टाकताही येईना. मोरीपाशी पंधरा मिनिटं वाकून उभी होते आणि बाहेर मावशी सगळ्यांना सांगत होत्या, ‘बिचारीला अन्नही जात नाही आता.’

ही झाली फजिती. खरं नुकसान पुढे झालं. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. डबा उघडून चार गोळ्या काढल्या की कुणीतरी विचारणार, म्हणून शाळेत घ्यायचं टाळलं. मग घरीही विसरायला लागले. 2020 मध्ये सगळंच बंद झालं, तपासण्या राहिल्या. 2021 च्या पावसाळ्यात पायाला मुंग्या. उभी असताना पायाखाली कापूस आहे असं वाटायचं. बी-12 तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेतली, बरंच सुधारलं, पण पायांची बोटं अजूनही थोडी बधिर आहेत. चप्पल पायातून निघाली तरी कधी कधी कळत नाही.

त्यानंतर एका मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळं सांगून टाकलं. दोन मिनिटं शांतता. मग पहिला प्रश्न आला, ‘खर्च किती आला?’ दिवसभरात तोच प्रश्न आणखी चौघींनी एकेकट्या गाठून विचारला.

खर्चावरून आठवलं. माझ्या वेळी विमा कंपनीनं एका ओळीत नाही म्हटलं, मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. ऑक्टोबर 2020 पासून विम्याचे नियम सगळीकडे सारखे झालेत: वय 18 किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40, किंवा 35 च्या जोडीला यादीतला एखादा गंभीर आजार. यादीत लठ्ठपणातून आलेला हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास आणि आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह. तुझा बीएमआय 36 आणि जोडीला पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार. आपल्याकडचे सर्जन 32.5 आणि जोडीला एखादा आजार एवढ्यावरही ऑपरेशनचा विचार करतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात तू बसतेस. विम्याच्या यादीत पीसीओडी नाहीच. मला याचा राग येतो, पण माझ्या रागावर क्लेम पास होत नाही. घोरतेस का ते आईला विचार, घोरत असशील तर झोपेची तपासणी करून घे. ऐरोलीच्या तुझ्या कंपनीचा ग्रुप विमा असेल, त्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, तो कागद नीट वाच. फॉर्मवर काही लपवू नकोस, तिथं लपवलेलं सगळ्यात महाग पडतं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं विचारलंस. मौंजारो, वेगोव्ही आपल्याकडे 2025 मध्ये आली, मला त्यांचा अनुभव नाही. बंद केली की वजन परत चढू लागतं एवढं माहीत आहे. डॉक्टरांसमोर तोही पर्याय ठेव.

आता तुझ्या आईबद्दल. ‘स्थळं बघायच्या आधी उरकून टाकू, कुणाला कळायला नको’ असं त्या म्हणाल्या, असं तू लिहिलंस. त्यांची काळजी मला कळते. पण ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने मूल होऊ द्यायचं नसतं, आणि पीसीओडीत वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहायची शक्यता उलट वाढते. हे ज्याच्याशी लग्न करणार त्याला माहीत नसून कसं चालेल? सासरी पहिल्याच दिवशी ताट भरून वाढतील, तू चार घासांत थांबशील. गोळ्यांचा डबा कपाटात कुठे ठेवशील? एकदा सांगून मोकळी हो. ऐकून जो उठून जाईल त्याला जाऊ दे, चहा-पोह्यांचाच खर्च.

घरातल्यांना तर आधीच सांग, कारण जेवण त्यांच्या हातात आहे. पहिले दोन आठवडे पातळ, मग गाळलेलं-वाटलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणावर यायला दीड-दोन महिने. तुझी आजी वरणावरचं पाणी देईल, ‘ताकद येते’ म्हणून. त्यात प्रथिनं नावालाच. तुला रोज 60 ते 80 ग्रॅम लागतील आणि तुमच्याकडे अंडंही चालत नाही. 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम असतात आणि सुरुवातीला तेवढं पनीर तुझ्या पोटात मावणार नाही, म्हणून प्रोटीन पावडर लागते. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा हलणार नाही, त्या दिवशी मला फोन कर, रडायचं असेल तर रड. केस सहा-आठ महिन्यांनी परत आले. व्रण आता शोधावे लागतात. दंडाची कातडी मात्र लोंबते, म्हणून मी कोपरापर्यंत बाह्या शिवते. दीड वर्षात 71 वर आले होते, आज 75 आहे.

आणि एक. घरी आल्यावर ताप, नाडी एकसारखी 120 च्या वर, डाव्या खांद्यात कळ किंवा पोटात वाढतं दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. शिवण गळत असू शकते. शेजारच्या डॉक्टरांकडे नाही, थेट ऑपरेशन केलेल्या टीमकडे. पुढे आयुष्यात कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी पहिलं वाक्य ‘माझं हे ऑपरेशन झालंय’ हेच, साधी अंगदुखीची गोळी घेतानासुद्धा.

शनिवारी सहाला कचराळी तलावावर ये. माझ्या सहा फेऱ्या असतात, तू दोन मार. आईलाही आण, त्यांच्याशी मी बोलते. फाइल आण, विम्याचा कागद आण. नंतर चहाला नको म्हणेन, राग मानू नकोस, मला चालताना घोट घोट पाणी लागतं आणि तेवढ्यानंच पोट भरतं.

तुझ्या,
बाई