दारावर चांदी घ्यायला येणाऱ्याला विकावी का? आणि साठवून ठेवली तर फायदा होतो का?

विकायला हरकत नाही, पण आधी सोनाराकडे टंच, म्हणजे शेकडा किती शुद्ध चांदी आहे ते, काढून घ्या. दारावरचा माणूस वजन करतो, पैंजण दगडावर घासतो आणि "काकू, यात चांदी कमीच आहे" म्हणतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंही असतं, कारण ६५ टंचाच्या १०० ग्रॅम पैंजणात शुद्ध चांदी ६५ ग्रॅमच. शिवाय फिरणं, वितळवण्यातली घट आणि मधल्या दिवसांत भाव पडायची रिस्क हे सगळं तो तुमच्याच भावातून कापतो. वजनकाटा पण त्याचाच असतो हं!

साठवायचं म्हणाल तर अमेरिकेतल्या हंट बंधूंचं उदाहरण बघा. त्यांनी एवढी चांदी गोळा केली की १९७९ च्या सुरुवातीला ६ डॉलर औंस असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये ५० च्या आसपास गेला. मग काय, लोकांनी घरातले चमचे, मेणबत्तीचे स्टँड, १९६५ च्या आधीची चांदीची नाणी सगळं विकायला काढलं, म्हणजे ज्या साठ्याचा कोणी हिशोबच धरला नव्हता तोच बाजारात आला, त्यात चांदीचे सौदे जिथे होतात त्या एक्स्चेंजने उधारीवरच्या खरेदीचे नियम कडक केले, आणि २७ मार्च १९८० ला भाव ११ डॉलरच्या खाली. हंट बंधूंनी बरीचशी खरेदी कर्जावर केली होती, तिथेच अडकले.

चांदीवर व्याज मिळत नाही आणि जागा खूप खाते. घ्यायचीच तर स्वतःच्या पैशाने आणि वळं किंवा नाणं घ्या, पैंजणांची मजुरी परत येत नाही.