रात्री बाराचा आकडा

प्रिय सिस्टर,

(तुला ‘बाळ’ म्हटलेलं आता आवडत नाही, माहीत आहे मला. ड्यूटीवर नसतानाही सिस्टरच म्हणते.)

नर्सेसच्या परिषदेसाठी ‘नर्सिंगपुढची आव्हानं’ या विषयावर लिहिलेलं तुझं भाषण मिळालं. दोनदा वाचलं. अक्षर सुरेख, भाषण मात्र नापास. रागावू नकोस.

पहिलीच ओळ आहे, ‘परिचारिका हा आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे.’ मी नोकरीला लागल्यापासून हे वाक्य ऐकतेय. दर 12 मेला कुणीतरी म्हणतं, टाळ्या होतात, आणि संध्याकाळी कणा नाइटला जातो. खोड ते. पुढे तू जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालातले आकडे दिलेस: 2023 साली जगात 2 कोटी 98 लाख नर्सेस होत्या आणि 58 लाखांची तूट होती. बरोबर आहेत. पण 58 लाख ऐकून समोर बसलेले साहेब नुसते हळहळतील, कारण त्यातली एकही जागा त्यांना भरायची नाही. तुझ्या वॉर्डातल्या चार रिकाम्या जागा सांगितल्यास तर मात्र ते खुर्चीत जरा सरकून बसतील.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते.

1993 चा उन्हाळा. मी मंगळवेढ्याहून सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात नवीनच आलेली. मराठी माझी, कन्नड कामापुरतं, तेलुगू शून्य. मेडिसिनचा फीमेल वॉर्ड, नाइट. खाटा भरून झाल्यावर दोन खाटांच्या मधे गाद्या, मग व्हरांड्यात गाद्या. आम्ही दोघी. त्यातली एक अर्धी रात्र एका सिरियस पेशंटपाशीच अडकलेली. खिडकीजवळच्या खाटेवर शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एक आजी होत्या, विड्या वळणाऱ्या. जुलाबांनी पार गळून गेलेल्या. डाव्या हाताची शीर मिळेना म्हणून उजव्या हातात सुई घातली आणि पोटॅशियम सोडलेली सलाईन लावली. बरोबरची सून तान्हं घरी ठेवून आलेली, ती दहाला गेली.

एकच्या सुमारास आजी म्हणायला लागल्या, “मंट, मंट.” मी गेले, बाटली बघितली, थेंब बघितले. ठीक पडत होते. आजींनी हात उचलून दाखवायचा प्रयत्न केला तर मी म्हणाले, “हात हलवू नका, सुई निघेल.” त्या पुन्हा म्हणाल्या, मंट. मला वाटलं, अंगात थंडी भरली असेल. पायथ्याची चादर उघडून मी त्यांच्या अंगावर घातली. हातावरूनसुद्धा. नीट, कडा खोचून.

सकाळी वॉर्डातल्या मदतनीस मावशी चादरी बदलायला आल्या आणि त्यांनी मला हाक मारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात भोपळ्यासारखा झाला होता. सलाईन शिरेत नव्हतीच, रात्रभर मांसात जात होती. मावशी पूर्व भागातल्याच. त्या म्हणाल्या, “मंट म्हणजे आग होतीय, सिस्टर.”

कातडी काळी पडली, जखम भरायला फार दिवस लागले. आजींची बोटं पूर्वीसारखी वळेनात. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, हे तुला सांगायला नको. पान वळवायचं ते त्याच बोटांनी.

चौकशी झाली. का लक्ष दिलं नाही, असं विचारलं. मी म्हणाले, खूप पेशंट होते. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “खूप म्हणजे किती?” मला सांगता आलं नाही. ‘खूप, मॅडम, जमिनीवर पण होते,’ एवढंच म्हणत राहिले. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता, चूक माझीच होती. पण तो आकडा सेन्सस रजिस्टरात होता! रात्री बाराला मीच लिहिला होता. खाटा इतक्या, पेशंट इतके, माझ्याच हातचं. मी तो लिहिला आणि विसरले, कारण तो कुणीतरी मागतो म्हणून भरायचा असतो असं मला वाटायचं.

म्हणून तुझ्या भाषणाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे: रजिस्टर उघड. मागच्या तीन महिन्यांची रात्री बाराची गणना एका कागदावर उतरव. शेजारी ड्यूटी लिस्टमधून त्या रात्री प्रत्यक्ष हजर किती होत्या ते लिही. लिस्टवर असलेल्या नव्हे, हजर असलेल्या. आजारी पडलेली, कॅज्युअल्टीला ऐन वेळी हलवलेली, पेशंटबरोबर सिटी स्कॅनला गेलेली, सगळ्या वजा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष तुला पाठ आहे: शिकवणी रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1, सर्वसाधारण रुग्णालयात 5 मागे 1, वर 30 टक्के रजाराखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी ठेवायच्या जादा नर्सेस. तो तिसऱ्या रकान्यात टाक. पदं मोजली जातात मंजूर खाटांवर आणि वॉर्ड चालतो तो आलेल्या माणसांवर, गादीवरच्यांसकट. हे वाक्य तू बोलूसुद्धा नकोस. तीन रकाने बघणाऱ्याला ते आपोआप दिसतं.

रजाराखीव हा शब्द मात्र मोठ्याने म्हण. आपल्यात बहुतेक बायका, कुणी ना कुणी बाळंतपणाच्या रजेवर असणारच. आणि दरवेळी ते ‘अडचण’ म्हणून सांगितलं जातं, जणू कुणी मुद्दाम केलंय. आषाढीला पंढरपूरची ड्यूटी लागते, तेव्हाची लिस्ट तर वेगळी काढून ठेव.

अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, आधी सांग, परवानगी घे. पेशंटचं नाव, केसपेपरचा नंबर काही नको. आणि आकडा फुगवू नकोस. एक रात्र जरी खोटी निघाली तरी उरलेल्या एकोणनव्वद वाया.

दुसरी मोजणी जरा अवघड आहे, पण सोलापुरात ती केलीच पाहिजे. वॉर्डातल्या किती पेशंटना मराठी नीट येत नाही? तेलुगू, कन्नड, दखनी, आणि सीमेपलीकडून येणारे वेगळेच. आता सरळसेवा भरतीने राज्यभरातली मुलं-मुली येतात. नाशिकच्या ब्रदरला ‘नोप्पि’ म्हणजे दुखणं आणि ‘मंट’ म्हणजे आग हे कसं कळावं? कन्नडमध्ये ‘नोवु’. आठवडाभर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, पेशंटच्या नावापुढे भाषेचं एक अक्षर लिहायला लाव सगळ्यांना. तुमच्या वॉर्डात मावशी आणि मामा दिवसातून किती वेळा दुभाष्याचं काम करतात, तेही विचार. त्या कामाचा ना पगार, ना नोंद. आव्हानांच्या यादीत हे कुणी घालत नाही, कारण मुंबई-दिल्लीहून छापून आलेल्या विषयपत्रिकेत ते नसतं.

आता सभागृहाचं. कार्यक्रम अकराचा, सुरू होणार बाराला. दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग रोपटं. प्रमुख पाहुणे उशिरा येणार आणि लवकर जाणार. कुणीतरी चीनला सेवेला गेलेल्या डॉ. कोटणीसांचं नाव घेणारच, आणि घ्यावंच, आपल्या सोलापूरचा माणूस. पण त्यांची पत्नी गुओ छिंगलान नर्स होती, हे मी आजवर एकाही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे. वेळ कमीच असणार.

तुझी दहा मिनिटं जेवणानंतर सरकतील आणि चारची होतील. म्हणून भाषण चार मिनिटांचंच लिही. उरलेला वेळ मिळाला तर आजींची गोष्ट सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. साहेब जेवणाआधी निघाले तर पळत जाऊन तो एक पानाचा तक्ता हातात दे. त्यांच्या पीएलाही एक दे. कागद पीएकडेच टिकतो.

शेवटच्या रांगेत खासगी दवाखान्यातल्या मुली बसतील, आपल्या मॅडमपासून लांब. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये त्यांच्या पगाराकडे लक्ष घातलं, मग समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही 20,000 पेक्षा कमी देऊ नये. त्यांना हातात किती पडतात हे माइकवर विचारू नकोस, नोकरी जाईल बिचारीची. चहाच्या वेळी त्यांच्यात जाऊन उभी राहा. आपण सरकारी लोक आपलंच रडगाणं गातो, ही माझी जुनी तक्रार आहे.

नर्स-डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीचा विषय निघेल, आवाज चढतील. त्याविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कॅज्युअल्टीत फलकही आहे. फक्त एवढं विचार की फिर्याद कुणी द्यायची: मार खाल्लेल्या मुलीने एकटीने, की संस्थेने. आणि खाली बस.

ठरावाचं शेवटी सांगते, कारण तो शेवटीच आणि घाईत होतो. ‘शासनाने लक्ष द्यावे’ असल्या ठरावावर हात वर करू नकोस. तू स्वतः लिहून ने. कुणी, काय, किती तारखेपर्यंत. उदाहरणार्थ, महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक वॉर्डाची रात्रीची गणना आणि हजर नर्सेसची संख्या अधिसेविकांनी अधिष्ठात्यांकडे (डीनकडे) लेखी पाठवावी. यात पैसा लागत नाही, म्हणून नाही म्हणायला कारण सापडत नाही. नंतर ते पत्र स्वतः आवक विभागात नेऊन दे आणि पोच घे. शिक्का, तारीख, नंबर. माझ्या कपाटात अशा पोचपावत्यांची एक फाइल आहे. त्यातल्या तीन पत्रांचं काहीतरी झालं. बाकीच्यांचं झालं नाही, पण ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ असं मला परत कुणी म्हणालं नाही.

परिषदेच्या आदल्या रात्री नाइट घेऊ नकोस. बदली मागायला लाजू नकोस.

रविवारी ये, तक्ता घेऊन. झेरॉक्स जरा मोठी काढ, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. दुपारी उन्हात निघू नकोस, संध्याकाळी ये. भाकरी करते, शेंगाचटणी कालच कुटली आहे. आणि येताना त्या मावशींच्या नातीला विचार, ‘मळमळतंय’ला तेलुगूत काय म्हणतात. तेलुगू शब्द लिहून ठेवलेल्या माझ्या कार्डावरचं ते अक्षर पुसलं गेलंय.

तुझी,
मॅडम