वाचक विचारतात : प्राणी बोलतो, पण कोणासमोर?

श्रद्धेच्या पायावर उभ्या असलेल्या आणि प्राणी बोलतात अशा अद्भुतकथा लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न सारखेच असल्याने त्यांची उत्तरं एकाखाली दिली आहेत.

प्रश्न : माझ्या कुमार कादंबरीचा नायक माउलींच्या रथाला जुंपलेला एक बैल आहे. तो बोलतो. हस्तलिखित वाचणारा प्रत्येकजण विचारतो, ‘मग गाडीवानाला ऐकू कसं येत नाही?’ काय करावं? (हडपसर)

उत्तर : हा प्रश्न वाचकाला पडतोय, कारण तुम्ही नियम ठरवलेला नाही किंवा ठरवूनही पहिल्या प्रकरणात दाखवलेला नाही. बोलण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. प्राणी कोणाला ऐकू येतो? केव्हा ऐकू येतो? ऐकू आल्यावर ऐकणाऱ्यावर काय जबाबदारी येते? तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात आणि श्रद्धेच्या कथेचा कणा नेमका तीच असते.

आपल्या परंपरेत डोकावून पाहा. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ते कोणासमोर? वेदांचा अधिकार आपलाच मानणाऱ्यांसमोर. महाभारताच्या आदिपर्वात सरमा ही कुत्री जनमेजयाच्या यज्ञात येऊन विचारते, की माझ्या पोराने काही अपराध केला नसताना त्याला का मारलंत? राजा आणि त्याचे भाऊ, कोणीच उत्तर देत नाही. आश्वमेधिक पर्वातलं मुंगूस तर युधिष्ठिराच्या अश्वमेधात, दानाची स्तुती चाललेली असताना उठून सांगतं, की या यज्ञाला प्रस्थभर सातूच्या पिठाचीही सर नाही. ते पीठ कुरुक्षेत्रातल्या एका गरीब ब्राह्मणाच्या घरचं. शेतात पडलेले दाणे वेचून जगणारी चार माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला एक कुडव, आणि तेवढ्यात दारात अतिथी. आधी ब्राह्मण आपला वाटा देतो, मग बायको, मग मुलगा, शेवटी सून. त्या जागी सांडलेल्या पिठात लोळल्यावर मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञामागून यज्ञ पालथे घालतंय.

म्हणजे आपल्याकडचा प्राणी करमणुकीसाठी बोलत नाही. माणसाला विद्येचा, दानाचा किंवा सत्तेचा ताठा चढला, की तो बोलतो. हेच सूत्र तुमच्या बैलाला लावा. उदाहरणार्थ : जो माणूस मनापासून चाकाला हात लावतो, त्यालाच बैलाचं बोलणं ऐकू येतं आणि ऐकलेलं तो नाकारू शकत नाही. मग गाडीवानाचा प्रश्न उरत नाही. उलट गाडीवान इतकी वर्षं रथावर असूनही बहिरा का, हीच गोष्ट होते.

नियम बहुधा मध्यावर मोडतो. कथानक अडतं, निरोप पोचवायचा असतो आणि लेखक हळूच एखाद्या पोलिसाला किंवा दुकानदाराला बैल ‘ऐकू’ देतो. तिथे थांबा. निरोप दुसऱ्या वाटेने पोचवा : बैल जागचा हलत नाही, जू टाकून देतो, किंवा ज्याला ऐकू येतं त्या मुलालाच धावत पाठवा. अडचणीमुळे प्रसंग चांगला होतो, सवलतीमुळे ढिला पडतो.

प्रश्न : माझी कावळीण शहाणी आहे, पण तिचं बोलणं कीर्तनासारखं होतं. मुलं कंटाळतात. (सदाशिव पेठ आणि चिंचवड, दोन पत्रं)

उत्तर : कीर्तनाला नावं ठेवायला नकोत. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, म्हणून श्रोता बसून राहतो. तुमच्या कथेत बहुधा नुसता पूर्वरंगच आहे.

यावरचा उत्तम उपाय छांदोग्य उपनिषदात आहे. गौतमांनी सत्यकाम जाबालाला चारशे रोडक्या गायी दिल्या. हजार झाल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवून तो रानात गेला. वर्षांनी कळपातला बैलच त्याला म्हणाला, की आम्ही हजार झालो, आता आचार्यांकडे ने. मग बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद, म्हणजे चौथा हिस्सा, सांगितला. एकच. दुसरा अग्नीने, तिसरा हंसाने, चौथा मद्गु या पाणपक्ष्याने. आणि पहिल्या तिघांनी जाताना पुढचं कोण सांगेल तेवढंच सांगितलं. एवढं होऊनही सत्यकामाने आचार्यांना विनंती केलीच, की तुम्ही स्वतः शिकवा.

तुमच्या कावळिणीलाही एकच पाद कळू द्या. तिला काय माहीत आहे याची यादी करा आणि त्यातलं तीन चतुर्थांश काढून इतर पात्रांत वाटा. कावळा माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षात ठेवतो, हे खरं आहे. तेव्हा या घरात कोण दाणा टाकतं आणि कोण दगड मारतं, हे तिला नक्की ठाऊक असणार. पितृपंधरवड्यात गच्च्यांवर पिंड कोण मनापासून ठेवतं, हेही. पण माणूस मेल्यावर कुठे जातो, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. मुलाने नेमकं तेच विचारावं आणि तिने ‘मला नाही माहीत, मी फक्त भात खाते’ असं म्हणावं. तीन पानांच्या उपदेशापेक्षा या एका वाक्यात जास्त बळ आहे.

दुरुस्ती करताना एक हिशेब ठेवा. कोणत्याही प्राण्याचं सलग बोलणं चार वाक्यांच्या पुढे गेलं, की मध्ये कोणीतरी हरकत घ्यावी, चुकीचं समजावं किंवा उठून जावं.

प्रश्न : दिवे घाटाचा प्रसंग घोड्याच्या नजरेतून लिहिला आहे. संपादकांनी ‘घोडा दिसत नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. (कात्रज)

उत्तर : शेरा योग्य असावा. प्रसंगात भगव्या पताका, लाल फेटे, हिरवा डोंगर असं रंगांचं वर्णन असेल, तर तिथे माणूसच पाहतो आहे. घोड्याला तांबडा आणि हिरवा यांतला भेद आपल्यासारखा कळत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ चौफेर दिसतं. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून मागून अचानक कोणी हात लावला तर तो बिथरतो. कान मात्र वेगवेगळ्या दिशांना वळतात. टाळ एका कानात, मृदंग दुसऱ्या कानात, असं लिहिता येतं. मग वास : बुक्का, तुळस, भिजलेली घोंगडी, तापलेलं डांबर. पताकेचा रंग सोडा, तिची फडफड धरा.

बैलाचं जग वेगळं. तो रवंथ करतो, म्हणजे त्याच्या आठवणी मुक्कामावर, बसल्यावर येतील. त्याचं दुःख खांद्यावर असतं. जू नीट बसलं नाही, की खांदा सुजतो. डांबरी रस्त्यासाठी त्याला पत्र्या मारतात, आणि खूर दुभंगलेला असल्याने एका पायाला दोन. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. या पाहुण्या बैलांची आणि मानाच्या जोडीची ओळख, मान-अपमान आणि शेवटी एका लयीत ओढणं, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहील.

भूगोल चुकवू नका. पुण्यात दोन्ही पालख्यांचे मुक्काम वेगळे : ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. पुढे हडपसरला वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरला. देहूच्या पालखीतला घोडा दिवे घाट चढताना दिसला, तर पुण्यातला वाचक पुस्तक मिटून ठेवील.

रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच बसत नाही, कारण त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तुमचा नायक हा दुसरा अश्व असेल, तर एक निर्णय फार विचार करून घ्या : पाठीवरचं ओझं त्याला जाणवतं का? आमचं मत असं, की उत्तर त्याच्या तोंडून वदवू नये. बाकी सगळं त्याने बोलावं, हे सोडून. श्रद्धा असलेला वाचक आणि नसलेला वाचक दोघेही तिथे आपापलं उत्तर ठेवतील.

प्रश्न : शेकरू नपुंसकलिंगी. ते स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’ म्हणेल, की ‘मी आले’? (औंध)

उत्तर : पहिल्याच भेटीत नाव देऊन मोकळे व्हा. नाव पुरुषी तर ‘आलो’, बाईचं तर ‘आले’. नाव कळेपर्यंत निवेदनात ‘ते शेकरू’, कळल्यानंतर कायम नावाचं लिंग. एका पानावर ‘ती’ आणि पुढच्यावर ‘ते’ ही चूक मुद्रितशोधनातही निसटते, म्हणून पात्रांची लिंगासह यादी करून ठेवा. घार, टिटवी, खार स्त्रीलिंगी. घुबड, मुंगूस नपुंसकलिंगी. कावळा, सरडा पुल्लिंगी. मिसळलेला जमाव असेल तर क्रियापद नपुंसकलिंगी अनेकवचनी : ‘शेकरू, घार आणि कावळा आली.’

कोण कोणाला ‘तू’ म्हणतं, हेही यादीत असू द्या. वारीत सगळेच एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. प्राण्यांनीही तसंच म्हटलं तर ‘माउली’ म्हटलेल्या बकरीला वाघ खाईल कसा, हा प्रश्न एका शब्दात उभा राहतो. आणि शेकरू पुण्याच्या पेठेत राहायला आणू नका. ते भीमाशंकरच्या दाट झाडीतलं, शेंड्यांवरून उड्या मारत जाणारं. शहरात आलं, तर का आलं याला कारण हवं.

प्रश्न : कथेत तुकाराम महाराज मांजराशी बोलतात असं दाखवलं तर चालेल का? अभंग वापरायला परवानगी लागते का? (देहूरोड)

उत्तर : संतांच्या तोंडी नवे संवाद घालू नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. लोकांच्या भीतीपोटी नव्हे. तुकोबांची भाषा वाचकाच्या कानात आहे, तिच्याशेजारी आपलं वाक्य लगेच पडतं. त्यांना मांजराकडे पाहू द्या, भाकरीचा तुकडा टाकू द्या आणि बोलायचं असेल तेव्हा अभंगच येऊ द्या. एकनाथांनी रामेश्वराला नेत असलेलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. या दोन्ही कथांत प्राणी एक शब्दही बोलत नाही. तिथे बोलण्याचं काम संताच्या कृतीने केलं आहे.

मूळ अभंगांवर कोणाचा हक्क नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि हे तर शतकांपूर्वीचे. पण अलीकडच्या अभ्यासकाचा अर्थ, टीपा किंवा ध्वनिमुद्रित चाल वापरायची तर परवानगी घ्या. पाठभेद असतात, म्हणून एकच गाथा समोर ठेवून सगळे अभंग तिच्यातूनच घ्या. आठवणीतून लिहू नका. रेडिओवर ऐकलेल्या ओळीत गायकाने शब्द फिरवलेले असतात.

प्रश्न : आम्ही मराठी ख्रिस्ती. मुलांसाठी अशी कथा लिहायची तर सगळे आधार वारकरीच हवेत का? (कॅम्प)

उत्तर : मुळीच नाही. जुन्या करारात ‘गणना’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बलामाची गाढवी आहे. तलवार उपसून उभा असलेला देवदूत तिला दिसतो, द्रष्टा म्हणवणाऱ्या बलामाला दिसत नाही. ती तीनदा वाट सोडते, तीनदा मार खाते आणि मग विचारते, की मी तुझं काय केलं म्हणून तू मला तीनदा मारलंस? पैठणचा रेडा आणि ही गाढवी एकाच कामासाठी बोलली आहेत. मराठी ख्रिस्ती लेखनाचा सूर हवा असेल तर फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण आहे, १६१६ साली छापलेलं.

पुण्यातल्या एका मुस्लिम वाचकांनीही असंच विचारलं आहे. कुराणातल्या ‘अन्-नम्ल’ या सूरेत मुंगी आपल्या सोबतिणींना सांगते, बिळात शिरा, नाहीतर सुलैमानचं सैन्य नकळत तुम्हाला तुडवील. सुलैमान ते ऐकून हसतात आणि अल्लाहचे आभार मानतात. पुढे हुदहुद पक्षी शेबाची बातमी आणतो. राजाला माहीत नसलेलं पक्ष्याला माहीत असणं, यातून बालकथा सहज सुरू होते.

प्रश्न : शेवटी म्हातारा बैल आजारी पडतो, मुलगी प्रार्थना करते आणि तो बरा होतो. शेवट खोटा वाटतो, असं सगळे म्हणतात. (वारजे)

उत्तर : चमत्काराने गोष्ट सुरू झालेली वाचक मान्य करतो. तुमचा बैल बोलतो, हे त्याने पहिल्या पानावर स्वीकारलंच आहे. चमत्काराने गोष्ट सुटलेली तो मान्य करत नाही, कारण त्यात मुलीला काही करावं लागलं नाही. सातूचं पीठ आठवा : मुंगूस सोन्याचं होतं ते चौघांनी वाटे दिल्यानंतर, आधी नव्हे.

बैल बरा करायचाच असेल तर मुलीने काय दिलं, ते आधी दाखवा. रात्रभर जागणं, डॉक्टर आणायला पावसात चालत जाणं, स्वतःचा पंढरपूरचा शेवटचा टप्पा सोडून त्याच्यापाशी थांबणं. आणि बैल मरणार असेल तर त्याचं बोलणं आधी बंद होऊ द्या. एके सकाळी ती विचारते आणि उत्तर येत नाही. तो अजून श्वास घेतोय, रवंथही करतोय, पण आता तो नुसता बैल आहे. त्यानंतरही ती त्याच्याशी बोलत राहते का, हा तुमचा शेवट. ‘देवाने त्याला बोलावून घेतलं’ असं वाक्य निवेदकाने लिहू नये. आजीच्या तोंडी ते शोभेल, आणि मुलीने त्यावर रागवावं. मुलांना मरण कळतं. त्यांना फसवलेलं मात्र लवकर कळतं.

प्रश्न : प्रकरण किती लांब असावं? (बिबवेवाडी)

उत्तर : घरी मोठ्याने वाचायचं पुस्तक असेल तर दहा मिनिटांचं. मराठी सावकाश वाचली तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे हजार-बाराशे शब्दांचं प्रकरण. दहा वर्षांपुढची मुलं स्वतः वाचणार असतील तर दोन हजारांपर्यंत जायला हरकत नाही. लिहून झालं की दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या आणि आपण फक्त ऐका. वाचणारा जिथे कोण बोलतंय ते शोधायला मागे जाईल, तिथे ‘बैल म्हणाला’ एवढं घाला. ‘गरजला’, ‘उद्गारला’, ‘पुटपुटला’ काढून टाका.