एकाच दिवशी जन्मलेले मोठे धर्मगुरू कोणते? त्यामागे काही दैवी संकेत असतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नसतो. कुठलीही 23 माणसं घेतली तरी त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. धर्मगुरू तर जगात शेकड्यांनी होऊन गेले. जोड्या सापडणारच.

पहिल्या प्रश्नाला एक पक्कं उत्तर: 15 ऑगस्ट. श्रीअरविंद (1872) आणि एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो (1917). रोमेरोंना 24 मार्च 1980 रोजी प्रार्थनाविधी चालू असताना गोळी घालून मारलं. 2018 मध्ये त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आलं. दोन्ही तारखा एकाच कालगणनेतल्या आहेत, त्यामुळे ही जोडी बिनधास्त सांगा.

पण याद्या चाळायला लागलात की 18 फेब्रुवारीलाही एक जोडी दिसेल: चैतन्य महाप्रभू (1486) आणि रामकृष्ण परमहंस (1836). या जोडीवरून माझं एका ज्येष्ठ माणसाशी कायमचं वाजलं आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच हे लिहायला बसलो.

एका संस्थेच्या दैनंदिनीसाठी दिनविशेष लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. संपादनाची जबाबदारी नानांकडे. (सगळेच त्यांना नाना म्हणायचे.) मी रामकृष्णांचं नाव 18 फेब्रुवारीला दिलं होतं आणि चैतन्यांचं फाल्गुन पौर्णिमेला. मुद्रितं तपासून परत आली तेव्हा चैतन्यांचं नाव पौर्णिमेवरून उचलून 18 फेब्रुवारीत घातलेलं, दोन्ही नावांना लाल शाईचा महिरपी कंस, आणि समासात नानांच्या ठसठशीत अक्षरात: "दैवी योग! बरोबर 350 वर्षांनी!"

वजाबाकी बरोबर होती. बाकी सगळं चूक. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 मध्ये आलं. 1486 सालची तारीख त्याआधीच्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या हिशेबाने चैतन्यांचा जन्म 27 फेब्रुवारीला येतो. हे बाजूला ठेवा, तिथी पाहा. चैतन्य जन्मले फाल्गुन पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या संध्याकाळी. रामकृष्णांची तिथी फाल्गुन शुद्ध द्वितीया. मी पंचांगच घेऊन गेलो आणि म्हटलं, "नाना, बीज आणि पौर्णिमा एका दिवशी कशी येईल?"

त्यांनी पंचांगाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भैरवी ब्राह्मणीने रामकृष्णांमध्ये चैतन्य ओळखले होते, तुला माहीत नाही का?" माहीत होतं. भैरवी ब्राह्मणी म्हणजे रामकृष्णांना तंत्रसाधना शिकवणारी संन्यासिनी. तिने त्यांची भावावस्था आणि शरीरावरची लक्षणं वैष्णव ग्रंथांशी ताडून पाहिली होती, जन्मतारीख नव्हे. हेही मी बोललो. त्यावर नाना म्हणाले, "तू फार चिकित्सा करतोस. वाचकाला वाचून आनंद होतोय, त्यात तुझं काय जातं?"

दैनंदिनी तशीच छापली. दिनविशेषाखाली नाव माझं. मला ते आजही सलतं.

माझं काय जातं, ते सांगतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दिवस मोजण्याची स्वतःची पद्धत जपलेली असते. ती डावलून तुम्ही त्यांच्या माणसाला परक्या तारखेत कोंबता आणि वर भक्तीच्या गोष्टी करता. बरं, खरे योग पंचांगात डोळ्यांसमोर असतात आणि तेच या तारीखवाल्यांना दिसत नाहीत. समर्थ रामदास 1608 मध्ये जांबेला जन्मले, चैत्र शुद्ध नवमीला. स्वामीनारायण 1781 मध्ये छपैय्याला, तेही रामनवमीलाच. ही जोडी मला कुठल्याही इंग्रजी तारखेच्या यादीत मिळाली नाही, कारण स्वामीनारायणांची तारीख 3 एप्रिल पडते आणि समर्थांची वेगळी.

बहाई धर्मात तर याहून सुंदर उदाहरण आहे. या धर्माचे अग्रदूत बाब यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1819 चा आणि संस्थापक बहाउल्लाह यांचा 12 नोव्हेंबर 1817 चा. तारखांनी पाहिलं तर काहीच संबंध नाही. इस्लामी चांद्र कालगणनेत मात्र पहिला जन्म 1 मुहर्रमचा, दुसरा 2 मुहर्रमचा, लागोपाठचे दिवस. बहाई लोक या दोन दिवसांना एकच मानतात, आणि 2015 पासून जगभर ते नवरोजनंतरच्या (म्हणजे बहाई नववर्षदिनानंतरच्या) आठव्या अमावास्येवरून ठरवतात. शिया परंपरेत 17 रबिउल अव्वल हा पैगंबरांचाही जन्मदिवस आणि शियांचे सहावे इमाम जाफर सादिक यांचाही. सुन्नी मात्र बहुतेक ठिकाणी पैगंबर जयंती 12 तारखेला पाळतात. म्हणजे ही जोडी आहे की नाही, हे कोणाला विचारता त्यावर ठरतं.

आता दोन गोष्टी माझ्या विरुद्ध जाणाऱ्या. श्रीअरविंदांनी स्वतः 15 ऑगस्ट 1947 च्या संदेशात म्हटलं होतं की स्वातंत्र्य आपल्या वाढदिवशी आलं हा निव्वळ योगायोग ते मानत नाहीत. आपल्या आयुष्याबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांचा, त्यावर मी वाद घालणार नाही. आणि मदर तेरेसा जन्मल्या 26 ऑगस्ट 1910 ला, पण बाप्तिस्म्याचा दिवस, 27 ऑगस्ट, हाच आपला खरा जन्मदिवस मानत. तेव्हा यादी करताना कागदोपत्री जन्म धरायचा की त्या व्यक्तीने मानलेला, हेही तुम्हालाच ठरवावं लागेल.

यादी कराच. फक्त प्रत्येक नावापुढे कालगणना लिहा आणि दोन कालगणनांची माणसं एका कंसात घालू नका. कोणी ज्येष्ठ "भावना महत्त्वाची" म्हणून दटावायला लागले तर त्यांना एवढंच विचारा, की चैतन्यांचे भक्त महाप्रभूंचा जन्मोत्सव दर वर्षी कधी करतात. फाल्गुन पौर्णिमेला करतात, नाना. 18 फेब्रुवारीला नाही.