२,४०,००० किमी झालेली डिझेल फोर बाय फोर: यादी खालून वर वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी अकरा वर्षांची, २,४०,००० किमी, हाताचा गिअर, फोर व्हील लागेल तेव्हाच टाकायची, आणि आधीच्या मालकाकडचं सर्व्हिस बुक गायब. तक्रारी तीन: सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, क्लच सोडताना खालून एक 'खट्' येतो, आणि पुढच्या डिफरन्शियलला (ॲक्सलमधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) ओल दिसते. त्यावर गॅरेजने बावीस कामं काढून दिलीत. वरती इंजेक्टर, टर्बो, क्लच. अगदी तळाला टायमिंग बेल्ट आणि 'गिअर ऑईल बघणे'. मी असतो तर ही यादी खालून वर वाचली असती.

टायमिंग बेल्टपासून सुरू करा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा. बुक नाही म्हणजे बेल्ट कधी बदलला ते माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे बदललेलाच नाही असं धरून चालायचं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकलेच, आणि मग तुमच्या यादीतली बाकीची एकवीस कामं करायला इंजिनच उरत नाही. वरचं कव्हर काढून "बेल्ट चांगला दिसतोय" असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. बेल्टला वय असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मी एकदा जुना पंप तसाच ठेवला होता, हाताला घट्ट लागत होता म्हणून. वर्षभरात तो गळायला लागला आणि नवाकोरा बेल्ट काढून सगळं पुन्हा उघडावं लागलं. तुमच्या इंजिनला बेल्टऐवजी चेन असेल तर ठरलेल्या किमीला बदलायचं काही नाही, पण रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूला कान द्या. साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज आला तर टेन्शनर किंवा चेन संपत आली आहे.

पुढचं काम खालच्या तेलांचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इंजिन ऑईल सगळे बदलतात आणि खालचं कोणी बघत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद देणारा डबा), पुढचं डिफ म्हणजे डिफरन्शियल, मागचं डिफ, असे चार वेगवेगळे साठे. गाडी आठ-दहा किमी फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होतं, आणि ती सपाट जागी उभी करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी भरायचं बूच सैल करा, मगच खालचं. मी हे उलटं केलं होतं. तेल सगळं खाली ट्रेमध्ये, आणि वरचं बूच गंजून बसलेलं. जोर लावला तसा ॲलनचा खाचा गोल झाला. गाडी दोन दिवस जागेवरून हलली नाही.

खालचं बूच निघालं की त्याच्या चुंबकाकडे बघा. करड्या रंगाचा मऊ लेप, बोटाने चोळला तर काजळासारखा पसरतो, तर ती नेहमीची झीज, काळजी नको. नखाला टोचणारा कण किंवा चकती निघाली तर थांबा. तेल भरून विषय मिटवण्यात अर्थ नाही, आत एखादं बेअरिंग किंवा दात बोलतोय. तेल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी गेलंय. ते जातं कसं हे समजलं की तुमची ओलही उलगडते. डिफच्या डोक्यावर श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. चिखलाने ती बुजली की डिफ तापल्यावर आतला दाब सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलतो. तेच तापलेलं डिफ ओढ्यात उतरलं की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी त्याच सीलमधून आत ओढलं जातं. त्यामुळे सील बदलण्याआधी ब्रीदर काढून फुंकून बघा. हवा जात नसेल तर नवीन सीलसुद्धा काही महिन्यांत ओलं होईल, आणि दोष सीलच्या कंपनीवर जाईल.

तेल कुठलं, हे मॅन्युअलमध्ये बघूनच. डिफला साधारणपणे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये "जास्त भारी आहे" म्हणून घालू देऊ नका; अनेक हाताच्या गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, कारण जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत. ट्रान्सफर केसमध्ये काही गाड्यांत गिअर ऑईल असतं, काहींत ऑटोमॅटिकचं पातळ ऑईल, तिथे अंदाज नको. मागचं डिफ लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरू न देणारं) असेल तर त्याचं तेल वेगळं. भरताना वरच्या भोकातून तेल बारीक ओघळायला लागलं की थांबायचं.

आता खट्. गॅरेजने यासाठी क्लच आणि फ्लायव्हील लिहिलंय. असेलही, पण गाडीखाली जाऊन आधी प्रोपेलर शाफ्ट बघा, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा. चारही चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रल करा, शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळा. युनिव्हर्सल जॉइंटच्या चौकडीत जरा जरी ढिलाई जाणवली, किंवा टोपीच्या कडेला तांबूस गंजाची पूड दिसली, तर तो जॉइंट गेला. ग्रीस निपल असेल तर चारही टोप्यांतून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. शाफ्टचा सरकता सांधा मात्र वेगळा, तिथे दोन-तीनच पंप. गच्च भरलात तर शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही. हा सांधा कोरडा पडला की नेमका निघताना खट् करतो. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. त्यानंतर गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि मागच्या ॲक्सलचे बुश. बुश बदललेच तर त्यांचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लोंबकळत्या ॲक्सलला आवळलेला रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे सगळं निर्दोष निघालं तरच क्लचकडे वळा, आणि क्लच घसरत नसेल, पेडल थरथरत नसेल, तर तो राहू द्या.

सकाळचं स्टार्टिंग. इंजेक्टर काढायला सांगण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी: थंड गाडीचा स्टार्टर फिरत असताना कोणाला तरी सायलेन्सरकडे बघायला उभं करा. पांढरट धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेट घेत नाही, तर ग्लो प्लग (थंड इंजिनात आतून ऊब देणारे प्लग) बघा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही किंवा दाब बनत नाही, तर फिल्टरपासून सुरुवात करा. फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. एखाद्या क्लिपमधून किंवा प्रायमिंग पंपातून हवा ओढली जात असते. त्याआधी बॅटरी आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी, अर्थातच. स्टार्टर सुस्त फिरत असेल तर बाकी सगळं निर्दोष असूनही डिझेल पेटणार नाही.

ग्लो प्लग काढताना घाई नको. इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून, हळूहळू आणि मागेपुढे करत. हेडमध्ये मोडलेला प्लग हे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

इंजेक्टर खराब आहे की नाही हे लीक-ऑफ टेस्ट सांगते: प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकसारखी बाटली, इंजिन आयडलला काही मिनिटं, आणि मग चारही बाटल्या शेजारी ठेवायच्या. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल असेल तर दोषी तोच इंजेक्टर, चारही बदलायची गरज नाही. ही टेस्ट न करता "चारही गेलेत" म्हणणाऱ्याला कारण विचारा. इंजेक्टरच्या मुळाशी डांबरासारखा कडक काळा थर किंवा 'चुफ चुफ' आवाज असेल तर खालचा तांब्याचा वायसर गेलाय. हे छोटं काम लांबवू नका. काही इंजिनांत इंजेक्टरचं बूड व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असतं, तिथली काजळी थेट ऑईलमध्ये जाते आणि संपमधली ऑईल ओढायची जाळी बुजवते. एक सूचना मात्र कळकळीची: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपला गळती आहे का हे बोटाने कधीही चाचपू नका. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, डिझेल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठा वापरा.

टर्बोसाठी हवा आत घेणारा पाइप काढून शाफ्ट बोटांत धरा. आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे हालली, किंवा पंख कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर संपला. इंटरकूलरच्या पाइपात थोडं तेल हे या वयाला क्षम्य आहे.

बाकीचं थोडक्यात. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामध्ये चिखलाची भिंत साचते, ती समोरून दिसत नाही. दोन्ही वेगळे करून मागून पाणी मारा. कूलंट रंगावरून घेऊ नका, रंग म्हणजे प्रकार नव्हे. ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं माहीत नसेल तर बदला. मागे ड्रम असतील तर उघडून झाडून घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर इंजिन ऑईल कमी राख देणारंच हवं, कारण काजळी जळून जाते, राख आतच राहते. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढतेय आणि तेलाला डिझेलचा वास येतोय असं दिसलं तर रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळायची फेरी, पूर्ण होत नाहीये. इंजिन फ्लशच्या बाटलीला माझा तरी नकार, एवढ्या जुन्या इंजिनात सुटलेला गाळ कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

सगळं झालं की फोर व्हील टाकून बघा, पण मातीवर किंवा खडीवर. कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पीळ ट्रान्सफर केसवर येतो. साधारण हजार किमीनंतर पुढच्या डिफचं बूच पुन्हा उघडून बघा, आणि पहिल्यांदा तेल कुठल्या रंगाचं निघालं तेही कळवा. दुधाळ असेल तर पिनियन बेअरिंगचा (डिफमध्ये शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या बेअरिंगचा) विषय काढावा लागेल, तो लांबचा आहे.