जीवांना उपग्रह कसले?

प्रश्न असा आहे : एका लग्नपत्रिकेवर जैन प्रतीक छापलं आहे. तळहात, त्यात चक्र, चक्रात ‘अहिंसा’, आणि खाली ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’. यातला ‘उपग्रह’ म्हणजे काय?

आकाशातला नव्हे, एवढं नक्की. तिथला उपग्रह म्हणजे दुय्यम ग्रह. त्यातला ‘उप’ उपनगरातला. इथे मात्र धातू ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, घेणे. अनुग्रह, आग्रह, निग्रह, संग्रह ही सगळी त्याचीच पिलावळ; जैनांचा ‘अपरिग्रह’सुद्धा. जवळ घेणं, हात देणं, टेकू देणं तो उपग्रह. गंमत म्हणजे भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षात, १९७४-७५ मध्ये, हे प्रतीक सर्व पंथांनी मिळून स्वीकारलं आणि १९७५ च्याच एप्रिलमध्ये ‘आर्यभट’ आकाशात गेला. एकाच वर्षात दोन उपग्रह!

‘परस्पर’ शब्दही मराठी माणसाला चकवतो. ‘जमीन परस्पर विकली’ म्हणजे आपल्याला न विचारता विकली. संस्कृतात तो साधा ‘एकमेकांचा’. ‘जीवानाम्’ ही षष्ठी. पत्रिकांमध्ये शेवटच्या ‘म’चा पाय मोडायचा बरेचदा राहून जातो, तेवढं छापखान्यात सांगा.

आता खरी मेख. या ओळीचं भाषांतर सर्रास ‘सर्व जीवांनी एकमेकांना मदत करावी’ असं करतात. पण सूत्रात ‘करावी’ कुठे आहे? क्रियापदच नाही. हे उमास्वातींच्या (दिगंबर परंपरेत उमास्वामींच्या) तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातल्या पाचव्या अध्यायाचं २१वं सूत्र. तिथे कोणतं द्रव्य (म्हणजे विश्वाचं मूलभूत घटकतत्त्व) काय कामी येतं याची यादी चालली आहे. आकाश जागा देतं. धर्मद्रव्य गतीला साह्य करतं. हा ‘धर्म’ही आपला नेहमीचा नव्हे. त्याचा ठरलेला दाखला माशाचा : पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्यावाचून मासा पोहत नाही. त्या साह्यालाही तिथे ‘उपग्रह’च म्हटलं आहे. मग ओघात जीवांची पाळी येते, तेव्हा सांगितलं जातं की जीव जीवांच्या कामी येतात. आकाश जागा देतं, तितक्याच सहज सुरात. तो उपदेश नाही, वर्णन आहे.

आचार्य पूज्यपादांनी या ग्रंथावर लिहिलेल्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेतला दाखला तर फार घरगुती आहे. मालक चाकराला पैसा देतो. चाकर मालकाचं हित पाहतो, अहित टाळतो. गुरू-शिष्यांचंही तसंच. देणारा एक आणि घेणारा दुसरा, अशी वाटणी नाही.

म्हणूनच ‘उपकार’ हा प्रतिशब्द शास्त्रशुद्ध असला तरी (याच यादीतल्या आधीच्या सूत्रात तो आहे) मराठीत मी टाळेन. आपल्याकडे उपकाराखाली माणूस दबतो, ते फेडावे लागतात, कुणी तोंडावर काढून दाखवतं. ‘मदत’ही ठरवून केल्यासारखी वाटते. आणि जैनांचा ‘जीव’ माणसापुरता नाही. माती, पाणी, अग्नी, वारा, झाडं हेही त्यांच्या लेखी एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेले जीव. झाड ठरवून कुठे मदत करतं?

पत्रिकेखाली मराठीत द्यायचंच असेल तर मी लिहीन : ‘जीवाला जीवाचा आधार असतो.’ ‘असावा’ नको.