खेड्यातली वाफेची जुनी रेल्वे आणि सोबत जुन्या मोटारी, हे स्वयंसेवकांच्या बळावर चालवता येतं का?

येतं. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे हा याचा पहिला दाखला. १८६५ साली पाटीचा दगड वाहायला सुरू झालेली, दोन रुळांमध्ये फक्त सव्वादोन फूट रुंदी असलेली ही लाइन. १९५० मध्ये मालक सर हेडन जोन्स वारले, तेव्हा रूळ गवतात बुडालेले आणि चालतं इंजिन एकच, डॉलगॉक. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी संस्था काढली आणि मे १९५१ मध्ये गाड्या सोडल्या. जवळची कॉरिस रेल्वे १९४८ला बंद पडली होती. तिचीही रुंदी नेमकी तेवढीच, म्हणून तिची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांत मिळाली. मला विचाराल तर या नशिबानेच सुरुवातीची वर्षं तारली.

पण खरा पैसा बॉयलर खातो. पाण्यातले क्षार आत साचतात, म्हणून तो वरचेवर धुवावा लागतो. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी तो पूर्ण उघडून नळ्या बदलतात. त्यासाठीची रक्कम पहिल्या तिकिटापासून बाजूला ठेवा. शिवाय थंड इंजिनाला वाफ धरायला काही तास लागतात, म्हणजे पहाटे भट्टी पेटवणारा माणूस रोज हवाच.

मोटारींचं तुलनेने सोपं, फक्त त्या नुसत्या उभ्या ठेवू नका. रबर सुकतं, पेट्रोल शिळं होतं. अधूनमधून चालवा.

आणि नव्या पोरांना आत्ताच हाताशी घ्या. फायरमनचं, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचं, काम फावड्यानेच शिकता येतं, आणि शिकवणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत.